अजून अवकाश आहे

मराठीत ‘अवकाश’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पृथ्वीच्या वातावरणापलीकडची पोकळी म्हणजे अवकाश. आणि घरात लग्न ठरले, कुणी आतापासूनच याद्यांची घाई करू लागले, की थोरले माणूस म्हणते, ‘अजून अवकाश आहे.’ म्हणजे वेळ आहे, सवड आहे. पहिला अर्थ जागेचा, दुसरा काळाचा. दोन्ही अर्थ एका शब्दात इतके गुण्यागोविंदाने नांदतात की त्यांचे आपसांत नाते काय, हे विचारायचे सुचत नाही. मला ते विचारायला लावले एका संगीताने, आणि ते संगीत करणाऱ्यांचा मराठीशी काडीचा संबंध नव्हता.

हे संगीत १९७०च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये आणि इंग्लंडमध्ये घडले. ते करणारे पुष्कळसे वादक सायकेडेलिक रॉकमधून आलेले होते. कानठळ्या बसवणारी गिटार, ड्रम्सचा मारा, रंगीत दिव्यांचे झोत आणि रात्र रात्र चालणारे उत्स्फूर्त वादन या वातावरणात ते वाढले. पुढे त्यांतलेच काही जण टेपरेकॉर्डर, सिंथेसायझर आणि प्रतिध्वनीची यंत्रे घेऊन शांत, लांबवर पसरत जाणाऱ्या रचना करू लागले. जर्मनीत त्यांना ‘कोस्मिशे मुझीक’, म्हणजे वैश्विक संगीत, असे नाव पडले. इंग्रजीत स्पेस म्युझिक. रचनांच्या नावांत तारे आणि क्वासार आले, आणि या संगीतातले अवकाश म्हणजे अंतराळाचे चित्र, असा समज रूढ झाला. माझे मत वेगळे आहे. या संगीताचे मूळ अवकाश सवडीचे आहे, आणि त्या सवडीतूनच त्यात जागा तयार होते. एवढी एकच गोष्ट मला इथे उलगडून पाहायची आहे.

आधी साधा प्रश्न घेऊ. आवाजाला जागा असते म्हणजे काय? डोळे मिटून आपण एखाद्या देवळाच्या सभामंडपात उभे राहिलो आणि कुणी टाळी वाजवली, तर मंडप केवढा आहे याचा अंदाज लगेच येतो. छोट्या खोलीतली टाळी वेगळी, डोंगराच्या कड्यावरची वेगळी. कान हा अंदाज कशावरून घेतो? आवाज किती वेळाने परत आला यावरून. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. माथेरानच्या एको पॉइंटवर मारलेली हाक अर्ध्या सेकंदाने परत आली, तर ती १७० मीटर फिरून आली, म्हणजे समोरचा कडा ८५ मीटरवर आहे. कानाजवळ मोजपट्टी नसते, घड्याळ असते. कानासाठी अंतर म्हणजे वाट पाहण्याचा काळ. अवकाशाचे दोन अर्थ इथेच पहिल्यांदा एकमेकांना भेटतात.

आता टेपरेकॉर्डरकडे वळू. त्यात फीत एका हेडसमोरून सरकते तेव्हा आवाज तिच्यावर उमटतो, आणि थोडी पुढे सरकून दुसऱ्या हेडसमोर आली की तो ऐकू येतो. या दोन क्षणांमधला वेळ म्हणजे कृत्रिम प्रतिध्वनी. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन हेडांत चार सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने परत येतो. आता दोन वेगळी यंत्रे घ्या. एकावर ध्वनी मुद्रित करा आणि तीच फीत १९० सेंटिमीटर दूर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रापर्यंत नेऊन तिथे ऐका. आवाज दहा सेकंदांनी परत येईल. उघड्या रानात दहा सेकंदांनी परत येणारी हाक १७०० मीटरवरच्या डोंगरावर आपटून आलेली असते. म्हणजे भाड्याच्या एका खोलीत, एका लांब टेबलावर, एका माणसाला जवळपास पावणेदोन किलोमीटरची दरी उभी करता येते. तिचा खर्च एकच असतो: दहा सेकंद थांबणे.

हे थांबणे रॉक गिटारवादकाला कठीण होते. रॉकची गिटार म्हणजे पुढे धावणारा हात. एक सूर संपायच्या आत दुसरा, त्याच्या पाठीवर तिसरा. प्रतिध्वनीच्या यंत्रापुढे तसे वाजवले तर नुसता गोंधळ होतो, कारण प्रत्येक सूर परत येतो आणि नव्या सुरावर आदळतो. ज्याला या यंत्रासोबत वाजवायचे आहे त्याला आपण काय वाजवले ते आधी ऐकावे लागते, परत येणाऱ्या सुराला वाट द्यावी लागते आणि मगच पुढचा सूर ठेवावा लागतो. वादकाला स्वतःचाच श्रोता व्हावे लागते.

हे कुणी सर्वांत नेटकेपणाने करून दाखवले असेल तर मानुएल ग्यॉटशिंग याने. त्याचा जन्म १९५२ सालचा, बर्लिनचा. लहानपणी अभिजात गिटार शिकला, पुढे ब्लूजकडे वळला, थॉमस केसलर या स्विस संगीतकाराच्या स्टुडिओत उत्स्फूर्त वादनाचे धडे घेतले. १९७० साली हार्टमुट एन्के आणि क्लाउस शुल्त्से यांच्यासोबत त्याने अ‍ॅश रा टेम्पल हा गट काढला. त्यांची पहिली तबकडी १९७१ची. तिच्या दोन बाजूंना दोनच रचना आहेत. पहिल्या बाजूचे नाव ‘आम्बोस’, म्हणजे ऐरण. दुसऱ्या बाजूचे ‘ट्राउममाशीने’, म्हणजे स्वप्नयंत्र. पहिली खरोखर ऐरणीसारखी आहे: घणाचे घाव, ठिणग्या, तापलेले लोखंड. तबकडी उलटली की दुसऱ्या बाजूला पंचवीस मिनिटे धुक्यासारखा पसरत जाणारा आवाज. तेच तिघे जण, तीच वाद्ये. पुढच्या वीस वर्षांत या परंपरेने जो प्रवास केला तो या एका तबकडीच्या दोन बाजूंत मावलेला आहे.

१९७४च्या उन्हाळ्यात ग्यॉटशिंग एकटाच बसला. त्याला बावीस वर्षे पूर्ण व्हायची होती. जवळ एक गिटार, चार ट्रॅकचा एक टेपरेकॉर्डर आणि प्रतिध्वनीसाठी दुसरा. यातून १९७५ साली ‘इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार’ हा अल्बम आला. तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की सिंथेसायझर वाजतो आहे. तो कुठेही नाही. सगळी गिटार आहे. ‘एको वेव्हज’ या सुमारे अठरा मिनिटांच्या रचनेत तो तार दाबून छोटे, तुटक सूर काढतो. प्रतिध्वनी ते सूर मोजून परत आणतो आणि दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत बसवतो. हळूहळू लक्षात येते की इथे लय धरणारा दुसरा कुणी नाही. फितीचा वेग हेच आवर्तन आहे, आणि वादक दर वेळी त्या आवर्तनाच्या समेवर येऊन भेटतो. शेवटाकडे रॉकची गिटार कळवळून वर येते. पण तोपर्यंत तिच्या भोवती इतकी मोकळी जागा झालेली असते की ती ओरडते आहे असे न वाटता दुरून हाक मारते आहे असे वाटते. सूर तोच. भोवतालच्या सवडीने त्याचा अर्थ बदलला.

इलेक्ट्रॉनिक संगीत तर या मंडळींच्या आधीपासून होते. कोलोनच्या रेडिओ केंद्रातल्या स्टुडिओत १९५०च्या दशकातच संगीतकार नुसत्या यंत्रांतून ध्वनी घडवत होते. तिथली रचना आधी कागदावर आणि फितीवर, मोजून कापून, तयार व्हायची. रॉकवाल्यांनी त्यात काय आणले? त्यांनी हात आणला. घामेजलेला, चुकणारा, त्या क्षणी निर्णय घेणारा हात. शुल्त्से मुळात ड्रम्स वाजवणारा. टँजरीन ड्रीम या गटाच्या पहिल्या अल्बमवर आणि अ‍ॅश रा टेम्पलच्या पहिल्या तबकडीवर त्याचेच ड्रम्स आहेत. १९७२ साली त्याने ‘इर्लिख्ट’ हा पहिला स्वतंत्र अल्बम केला तेव्हा त्याच्याकडे सिंथेसायझर नव्हता. होते एक बिघडलेले, फेरफार केलेले ऑर्गन आणि वाद्यवृंदाच्या तालमीचे ध्वनिमुद्रण, तेही उलटे फिरवलेले. एवढ्यावर त्याने तासाभराच्या आसपासचे संगीत उभे केले. टँजरीन ड्रीममधला ख्रिस्तोफर फ्रांके हाही ड्रम्सवालाच. त्याने टिपऱ्या खाली ठेवल्या आणि सुरांची साखळी आपोआप फिरवणारा मूग सिक्वेन्सर हातात घेतला. ठेका गेला, नाडी राहिली. १९७४च्या ‘फेड्रा’मध्ये ती नाडी ऐका. यंत्र तापत गेले तसे त्याचे सूर हलले, आणि ते हलणे त्यांनी रचनेत तसेच राहू दिले. गवयाचा षड्ज तापत्या दुपारी तंबोऱ्याच्या जवारीवर जरा सरकला की त्याचा कान लगेच तिकडे जातो. तसा कान असलेली माणसे यंत्रासमोर बसली होती, म्हणून ते यंत्र जिवंत वाटते.

तंबोऱ्याचे नाव मी उगाच काढले नाही. ग्यॉटशिंगवर अमेरिकन संगीतकार टेरी रायली याचा मोठा प्रभाव होता. रायलीने १९६०च्या दशकातच दोन टेपरेकॉर्डरमध्ये एकच फीत फिरवून सॅक्सोफोनचे सूर एकावर एक साचवण्याची पद्धत वापरली होती. हाच रायली १९७० साली पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले. अतिविलंबित लयीत एकेका सुरापाशी रेंगाळत केलेल्या बढतीसाठी वहीद खाँ ओळखले जात. आपल्या हिराबाई बडोदेकर याच गुरूंकडे शिकल्या. म्हणजे हिराबाईंचे गुरुबंधू पुढे कॅलिफोर्नियातल्या एका प्रतिध्वनीवेड्या संगीतकाराचे गुरू झाले. यातून बर्लिनची गिटार किराण्यातून आली, असे मी म्हणणार नाही. रायलीचे प्रतिध्वनीचे प्रयोग प्राणनाथांच्या भेटीआधीचे आहेत. पण ओढ कुठली होती ते यातून दिसते. ज्याला परत येणाऱ्या सुराचे वेड लागले होते तो माणूस शेवटी तंबोऱ्याच्या मागे जाऊन बसला. कारण तंबोराही हेच करतो. त्याची तार छेडून झाल्यावर नाद लगेच मिटत नाही, उमलत जातो, आणि गवई त्या उमलण्याला वाट देऊन मगच सूर लावतो. याला आपण ‘सावकाश’ गाणे म्हणतो. स-अवकाश: अवकाशासह. शब्दातच सगळे आले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सायकेडेलिक म्हटले की नशा आलीच. मग हे नशेतल्या माणसांनी नशेतल्या माणसांसाठी केलेले संगीत नव्हे काय? त्या काळात एलएसडीचा वावर होता, हे लपवण्यासारखे नाही. अ‍ॅश रा टेम्पलनेच १९७२ साली एलएसडीचा अमेरिकन प्रचारक टिमोथी लिअरी याच्यासोबत स्वित्झर्लंडमध्ये एक अल्बम केला. पण कानावर विश्वास ठेवायचा, तर तो अल्बम या गटाच्या उत्तम कामांत मी मोजत नाही. उत्तम काम आले ते दोन वर्षांनी, एकट्याने, फितीचा वेग सांभाळत, अठरा अठरा मिनिटे हात ढळू न देता. यासाठी लागणारी एकाग्रता कुठलीही गोळी देत नाही. सायकेडेलिक काळाने या मुलांना एक प्रश्न दिला: काळ ताणता येतो का? उत्तर त्यांना रियाजातून काढावे लागले. ऐकणाऱ्यालाही दुसरे काही लागत नाही. चहा चालेल.

दुसरा आक्षेप असा की हे पार्श्वसंगीत आहे, हॉटेलात लावावे तसे. याचे उत्तर एका तबकडीच्या नशिबातच आहे. स्टीव्ह हिलेज हा इंग्रज गिटारवादक गाँग या सायकेडेलिक गटात नावारूपाला आला. १९७९ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘मन, शरीर, आत्मा’ या विषयावरचा एक महोत्सव भरला होता. तिथल्या इंद्रधनुषी घुमटात वाजवण्यासाठी त्याने आणि त्याची सहचरी मिकेट जिरोडी हिने ‘रेनबो डोम म्युझिक’ केले. दोन बाजू, दोन रचना, प्रत्येकी वीस मिनिटांहून मोठी. सुरुवातीला वाहते पाणी, मग घंटा, इलेक्ट्रिक पियानो, आणि पाण्यावर उजेड हलावा तशी हिलेजची गिटार. हे आले तेव्हा लंडन पंकमय झालेले होते. तीन मिनिटांच्या तडफदार गाण्यांचा जमाना. लांब केसांच्या वादकाने वीस मिनिटे पाणी ऐकवावे, हे त्या दिवसांत अगदीच जुने वाटले असणार.

दहा वर्षे गेली. १९८९च्या सुमारास लंडनच्या हेवन या नाइट क्लबमध्ये मुख्य दालनात नाचाचा धडाका चाले आणि थकलेल्यांसाठी बाजूला एक शांत खोली असे. तिथे अ‍ॅलेक्स पॅटरसन हा तरुण तबकड्या लावायचा. एका रात्री हिलेज त्या खोलीत शिरला तर त्याची स्वतःची ‘रेनबो डोम म्युझिक’ लागलेली होती. त्याने पुढे होऊन ओळख करून दिली. त्या ओळखीतून पॅटरसनच्या द ऑर्ब या गटासोबत काम झाले, आणि हिलेज व जिरोडी यांनी सिस्टिम सेव्हन हा नवा गट काढला. नाइट क्लबातली पोरे आणि जुना सायकेडेलिक गिटारवादक एका खोलीत आले ते या तबकडीमुळे. पार्श्वसंगीत असते तर ते त्या घुमटासोबतच मोडीत निघाले असते. ही तबकडी मात्र आपल्या श्रोत्यांची दहा वर्षे वाट पाहू शकली. सुरांत सवड असली की ती रचनेच्या आयुष्यालाही मिळते.

पुन्हा ग्यॉटशिंगकडे येतो, कारण माझे म्हणणे ज्या एका रचनेत पूर्ण उतरते ती त्याची आहे. १२ डिसेंबर १९८१. बर्लिनमधल्या आपल्या स्टुडिओत त्याने यंत्रे जोडली आणि तासभर सलग, एकाच दमात वाजवले. दुसऱ्या दिवशी प्रवासात वॉकमनवर ऐकायला काहीतरी हवे, एवढाच हेतू होता. नंतर ऐकल्यावर कळले की यात काही दुरुस्त करण्यासारखे नाही. १९८४ साली शुल्त्सेच्या लेबलने ते प्रसिद्ध केले. नाव ‘ई टू – ई फोर’. बुद्धिबळात राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकण्याची ही चाल, खेळातली सर्वांत ओळखीची सुरुवात. एका तासात स्वरांच्या दोनच जुळण्या आलटून पालटून येतात. अल्बमवर डावाच्या टप्प्यांसारखी नावे आहेत. पहिल्या भागाचे नाव ‘शांत अस्वस्थता’, शेवटच्याचे ‘बरोबरी’.

‘शांत अस्वस्थता’ या दोन शब्दांत रॉकवाल्याच्या शांततेची सगळी ओळख आहे. ज्याने ऐरण वाजवलीच नाही त्याची शांतता वेगळी असते, गुळगुळीत. ग्यॉटशिंगच्या शांततेत दहा वर्षांचा घणाघात विझून उरलेली ऊब आहे. अर्धा तास तो गिटारला हात लावत नाही. यंत्रे चालू आहेत, छोटे छोटे सूर येतात, जागा बदलतात, निघून जातात. अर्धी वाट सरल्यावर गिटार येते, आणि काय सहजपणे येते! गावाला गेलेला माणूस संध्याकाळी चपला काढून घरात शिरावा, तशी. इतका वेळ ती नव्हती, याची उणीव तोवर जाणवलेली नसते. ती आल्यावर कळते की सगळे घर तिच्यासाठीच आवरून ठेवलेले होते. न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराज क्लबमध्ये तबकड्या लावणारा लॅरी लेव्हन ही रचना नाचणाऱ्यांना ऐकवत असे, आणि १९८९ साली इटलीतल्या मंडळींनी त्यावर बेतून ‘स्वेन्यो लातिनो’ हे नाचाचे गाणे केले. प्रवासात ऐकायला केलेली एक फीत नाचघरांत पोचली, कारण तिच्यात दुसऱ्या माणसांना शिरायला जागा होती. ग्यॉटशिंग ४ डिसेंबर २०२२ रोजी वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शुल्त्सेही गेला होता.

हे संगीत आवडून घ्यायला काय करावे, असे मला तरुण मित्र विचारतात. मी स्वतः पहिल्यांदा ऐकताना गाणे सुरू होण्याची वाट पाहत राहिलो आणि तबकडी संपली. नंतर समजले की वाट पाहणे हेच सुरू झालेले गाणे होते. म्हणून माझे सांगणे एवढेच असते. पुढे काय येणार याकडे कान लावू नका. जो सूर आत्ता आला तो परत कधी येतो, येताना किती मऊ होऊन येतो, त्याच्या आणि पुढच्या सुराच्या मधे किती जागा आहे, तिकडे लक्ष द्या. सुरुवात ‘ट्राउममाशीने’ने करा, मग ‘एको वेव्हज’ ऐका, मग हिलेजच्या तबकडीची पाण्याची बाजू. आवाज बेताचा ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. विलंबित ख्याल ऐकण्याची सवय असेल तर निम्मे काम झालेलेच आहे.

आणि एखाद्या रात्री जेवणे आटोपली, घर शांत झाले, की ‘ई टू – ई फोर’ लावा. तासाला थोडी कमी अशी रचना आहे. गिटार अर्ध्या वाटेवर येते. तोवर थांबा.